गोकुळाबाईचा सव्वा रुपया

गोकुळाबाईला दिनार म्हणजे काय ते समजावायला मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो, तर तिनं माझ्या आधीच तो मासळीत बसवून ठेवला होता. "एक दिनार म्हंजे तीन टोपल्या, गुरुजी," ती म्हणाली. दिनाराला साठ रुपये, आणि डोक्यावर टोपली घेऊन दिवसभर वणवण केली की वीस. बरोबर होतं. मी पाटी पुसून ठेवली.

ही एकोणीसशे एकोणनव्वदची गोष्ट. आमचं गाव प्राणहितेच्या काठचं, सिरोंच्याच्या अलीकडे. शाळेचा मास्तर मी आणि पोस्टाचा कारभारही माझ्याच पडवीत. मी मूळचा वरोऱ्याचा, बदली होऊन आलो आणि इथेच मुरलो. डोकं तापट आणि जीभ त्याहून वाईट. देवाधर्माचं मला पहिल्यापासून वावडं. पण गावातल्या निम्म्या घरांची पत्रं मीच वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो, म्हणून लोक मला सांभाळून घेत.

गोकुळाबाई आरमोरीकडच्या ढिवर कोळ्यांची लेक. बोली तिची अखेरपर्यंत तिकडचीच राहिली, पण सासर तेलुगू बोलणारं, त्यामुळे रीतीभाती इथल्या. मूलबाळ नव्हतं. नवरा लटारू नदीत जाळं टाकायचा, पण डोंगा, म्हणजे होडी, दुसऱ्याचा, म्हणून निम्मी मासळी डोंग्याच्या मालकाची. नदीपलीकडे, मंचेरियालच्या बाजूची तरणी माणसं तेव्हा आखातात जात होती. लटारूचा मावसभाऊ सोमाजी तिकडचाच. त्यानं लटारूला कुवेतला नेलं, मासळीबाजारात बर्फ फोडायच्या कामावर. लटारूला स्वतःचा डोंगा आणि नवी नायलॉनची जाळी हवी होती. तेवढं जमलं की परत यायचं, असं त्यानं बायकोला आणि मला दोघांनाही सांगितलं होतं.

नव्वदच्या जुलैत सोमाजी सुट्टीवर आला. त्याच्या हाती लटारूनं रोख धाडले होते, दहा दिनारांच्या बारा नोटा. सोबत चिठ्ठी. मंचेरियालचा कापडवाला शेठ आखाती नोटा बदलून द्यायचा, पण दिनारामागे पाच रुपये कापायचा. म्हणून लटारूचं म्हणणं असं की आत्ता बदलू नको. दिवाळीला मी येतो, हैदराबादला उतरल्यावर नीट भावानं बदलून घेऊ. बारा नोटांचे सात हजार दोनशे होत होते. गोकुळाबाईच्या हिशेबानं तीनशे साठ टोपल्या, म्हणजे जवळजवळ वर्षभराची पायपीट. तिनं नोटा डाळीच्या डब्यात ठेवल्या.

पंधरा-वीस दिवसांनी रेडिओवर बातमी आली की इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मी दुसऱ्याच दिवशी मंचेरियालला गेलो. शेठ हात झाडून मोकळा झाला. तो देशच राहिला नाही तर त्याची नोट कोण घेणार, असं म्हणाला. पुढच्या महिन्यात दिनारामागे पंधरा रुपये द्यायला तयार झाला. पंधरा तर पंधरा, बुडत्या घरातून निघेल ते काढावं, असा विचार करत मी गोकुळाबाईच्या दारात आलो.

डबा रिकामा होता. देवाच्या कोनाड्यावर खुंटीला हळदीनं पिवळंजर्द केलेलं नवं फडकं गाठ मारून टांगलेलं होतं. त्याला इकडे मुडुपू म्हणतात. घरातलं माणूस संकटात असलं की कोरं फडकं हळदीच्या पाण्यात भिजवायचं, त्यात सव्वा रुपया बांधायचा आणि देवाला बोलायचं की माणूस सुखरूप येऊ दे. माणूस आला की गाठ न सोडता नदीपार काळेश्वरच्या देवळात नेऊन हुंडीत, म्हणजे दानपेटीत, टाकायची. तोवर तिला हात लावायचा नाही. मधेच सोडली तर बोललेलं मोडलं, आणि मग देव बांधील नाही.

"सव्वा रुपयाच बांधला न?" मी विचारलं.

"नाई. त्यानं धाडलेलं सारं बांधलं."

माझं डोकं फिरलं. "बाई, रीत सव्वा रुपयाची हाये. ओल्या हळदीत नोटा कोणी बांधते काय?"

"सव्वा रुपया तर बैल हरपला तरी लोक बांधते," ती म्हणाली. "माहा माणूस का बैल हाये? त्याच्याच कमाईनं त्याले सोडवतो."

मी तिला नाही नाही ते बोललो. ती मासळी खवलत राहिली. तिला माझ्या शिव्यांची सवय होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की लटारू महिनाभरात येईल.

नदीपलीकडची माणसं वाळवंटातून, कुठल्या कुठल्या छावण्यांतून परत येऊ लागली. एकानं सांगितलं, लटारू बसमध्ये चढताना दिसला होता. दुसरा म्हणाला, त्याचा पासपोर्ट मालकाकडे होता आणि मालक आधीच पळाला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कागदाचा तुकडा आला नाही. गोकुळाबाई रोज टोपली घेऊन निघताना माझ्या पडवीसमोर थांबायची. मी मान हलवायचो. ती पुढे जायची.

लढाई संपली आणि एप्रिलच्या सुमाराला, दोन दिवस शिळ्या पेपरात मी वाचलं की कुवेतनं नव्या नोटा काढल्या. जुन्या नोटांपैकी चोरीला गेलेल्या नंबरांच्या बाद, बाकीच्या ठरल्या मुदतीत बदलून मिळतील, नंतर त्या नुसता कागद. मी पुन्हा मंचेरियाल गाठलं. शेठ म्हणाला, मुंबईला माझा माणूस आहे, महिन्याच्या आत आणा, चाळीसपर्यंत देतो. चाळीस म्हणजे अठ्ठेचाळीसशे. डोंगा होत होता.

त्या दिवशी मी तिच्या घरी जे बोललो ते मला आजही टोचतं. आधी समजुतीनं घेतलं. नोटा काढून त्यांच्या जागी सव्वा रुपया ठेव, देवाला काय कळतं, असंही म्हणालो. ती कोनाड्यासमोर आडवी येऊन उभी राहिली.

"गाठ सोडली म्हंजे म्याच त्याले सोडला, गुरुजी."

"आठ महिने झाले. जिता असता तर एक कागद नसता आला?"

बोलून गेलो आणि मला लाज वाटली. तिचा चेहरा पडला नाही की डोळे भरले नाहीत. तिनं फक्त सांगितलं, "तुम्ही आता जा." मी गेलो. मुदत संपली त्या दिवशी मी पेपरावर तारीख बघितली आणि दिवसभर पोरांना उगाच झोडपलं.

नोव्हेंबरात लटारू आला.

मी त्याला ओळखलं नाही. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी मोठा कोट, डाव्या पायानं लंगडत होता. पासपोर्ट नाही म्हणून त्याला बसमधून उतरवलं होतं. मग लोकांच्या लोंढ्याबरोबर तो इराकमधल्या बसऱ्याला पोचला, तिथे एका भट्टीवर रोट्या थापून राहिला. कोटाच्या खिशात सत्तर दिनार होते, पण इराक्यांनी फर्मान काढलं की कुवेतचा एक दिनार तो आमचा एक, आणि त्यांच्या एकाची किंमत दर आठवड्याला घसरत गेली. शेवटी सत्तरांच्या रोट्याही झाल्या नाहीत. लढाईत पाय मोडला, आणि वकिलातीनं कागद करून दिल्यावर तो सुटला. हे सगळं त्यानं माझ्या पडवीत बसून अगदी शांतपणे सांगितलं.

"पण घरी बारा नोटा होत्या न," तो म्हणाला. "भूक लागली का मी त्याच मोजत बसो. डोंगा कोणाकडून घ्याचा, कोन्या लाकडाचा, सारं ठरवलं होतं. बदलल्या न तिनं?"

मी टपालाची थैली उघडून बसलो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं काळेश्वरला निघाली आणि मलाही नेलं. गोकुळाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिला इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. देवळाच्या पायरीवर लटारू म्हणाला, एकदा बघू दे. ती नको म्हणत होती, तरी त्यानं गाठ सोडली. नोटा एकमेकींना चिकटून पिवळी पोळी झाली होती. दोन निघाल्या, त्यांच्यावरचे आकडेही नीट वाचता येत नव्हते. त्यानं फडकं जसंच्या तसं बांधलं आणि हुंडीत टाकलं.

"तुह्यापायी डोंगा गेला," तो तिला म्हणाला.

"तू आला न," ती म्हणाली.

लटारू चांगला माणूस होता, त्यानं तिच्यावर हात उगारला नाही. पण लंगड्या पायानं दुसऱ्याच्या डोंग्यावर उभं राहणं जमेना. मालक त्याला अर्ध्यातलं अर्धं द्यायला लागला. दोन पावसाळे त्यानं तसे काढले. मग एक दिवस येऊन म्हणाला, गुरुजी, सोमाजीले पत्र लिहा, तो सौदीत हाये, मले बोलाव म्हणा. मी लिहिलं. त्या बारा नोटा वेळेवर बदलल्या असत्या तर ते पत्र लिहायची वेळ आली नसती, हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर तो गेला. ह्या वेळी मी सगळी सूत्रं हातात घेतली. सिरोंच्याच्या बँकेत तिचं खातं उघडलं. लटारूला सांगून ठेवलं की कुणाच्या हाती नोट धाडायची नाही, घरात तिकडचा पैसा ठेवायचा नाही, जे यायचं ते ड्राफ्टानं. आणि तिला बजावलं, "काही बांधाचंच असलं तर सव्वा रुपया बांध. रीत तेवढीच हाये. देवाले नोटा लागत नाईत."

तिनं हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं."

तिनं माझ्यासमोरच फडकं भिजवलं. एक रुपयाचं नाणं आणि चार आणे. मला समाधान वाटलं. बाईला अखेर अक्कल आली, असं मी त्या दिवशी बायकोला सांगितलंही.

रियाल आठ रुपयांच्या थोडा वर होता आणि टोपली तिसांवर गेली होती. चार रियाल म्हंजे एक टोपली, तिनं लगेच बसवलं. दर दोन-तीन महिन्यांनी ड्राफ्ट यायचा, मी भाव तपासायचो, एक पैसा इकडचा तिकडे होत नव्हता. पंच्याण्णवच्या मे महिन्यात सिरोंच्याहून माणूस तार घेऊन आला. इंग्रजीतली चार ओळींची तार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या परांचीवरून पडून लटारू गेला होता. लंगड्या पायाच्या माणसाला त्यांनी वर चढवलंच कसं, हे विचारायला माझ्यासमोर कोणी नव्हतं. मीच तिला सांगितलं. पेटी यायला दोन महिने लागले आणि ती उघडू नका असं त्यावर लिहिलेलं होतं. तशीच नदीकाठी नेऊन जाळली.

सप्टेंबरात कंपनीकडून शेवटचे पैसे आले. बाकी पगार आणि वर काही भरपाई. सोबत छापील कागद होता, इतके रियाल, इतक्या भावानं, इतके रुपये. मी दोनदा गुणाकार करून पाहिला. भाव चांगला होता, कोणी काही कापलं नव्हतं, रक्कम एका डोंग्याला पुरून उरेल एवढी होती. ह्या वेळी पैशांत कुठे म्हणजे कुठेच चूक झाली नव्हती. मी ते तिला वाचून दाखवलं, आणि वाचताना माझा आवाज जरा चढला होता, कारण निदान एवढं तरी मी तिच्यासाठी नीट केलं, असं मला वाटत होतं.

तिनं कागदावर अंगठा उमटवला. बोट पदराला पुसलं. मग कमरेच्या ओच्यातून ते पिवळं फडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. गाठ तशीच होती.

"तवा म्या सारं बांधलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "तो आला. या खेपेले तुमचं ऐकलं."

आवाज वर नाही की खाली नाही. रियालाचा भाव विचारावा तसं ती बोलली. मग दाराबाहेर ठेवलेली टोपली डोक्यावर घेऊन गेली, कारण मासळी सकाळची होती आणि ऊन चढत होतं.

तिला सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. देव असं काही करत नाही, परांची आणि सव्वा रुपया यांचा काही संबंध नाही, हे मी पोरांना शाळेत शिकवत आलो होतो. ते फडकं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी त्याची गाठ सोडलेली नाही.