बदामी आधी, मरून शेवटी

संशोधनाला तक्ते लागतात, आलेख लागतात, किस्से लागत नाहीत. म्हणून अहवालापेक्षा माझी किश्श्यांची फाईलच जाड झाली आहे. मी सोलापुरात मॅनेजमेंट शिकवते. घरोघरच्या धंद्यांत नवं काय निघतं, पाणी-वीज कशी वाचते, यावर काम करते. 'करते' म्हणते, कारण ते बंद पाडायचे प्रयत्न अजून कोणाला जमलेले नाहीत.

*

पहिला प्रयत्न आमच्या विभागप्रमुखांचा. "टॉवेलवाल्यांकडे कसलं इनोव्हेशन? पुण्याचे स्टार्टअप घ्या."

"सर, तुमच्या खुर्चीवरचा टॉवेल कुठला?"

सरांनी मागे वळून लेबल वाचलं. सोलापूरचंच होतं. परवानगी मिळाली, पण अट घालूनच: कोणाचंही नाव छापायचं तर मालकाची सही हवी.

*

नरसय्या मालकांचा टॉवेलांचं सूत रंगवायचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागचं अंगण. मी प्रश्नावली उघडली. "तुमच्याकडे नवीन कल्पना कोणाच्या असतात?"

"माझ्या," नरसय्या म्हणाले.

"माझ्याबी," त्यांचा मुलगा श्रीनिवास म्हणाला, पण वडिलांकडे बघत, हळू आवाजात.

तेवढ्यात सून पद्मा चहा घेऊन आली. तिचे हात मनगटापर्यंत निळे होते. कप ठेवून ती रंगाच्या टाकीकडे परत गेली. प्रश्नावलीत असं बसत नाही, तरी मी कप उचलून तिच्या मागे गेले.

*

टाकीवर एक जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं. कोऱ्या बाजूला पद्माच्या अक्षरात अख्खा आठवडा. सोमवारी बदामी, मग पिवळा, गुरुवारी निळा, शनिवारी मरून.

"फिक्यापासून गडदाकडं गेलं की टाकी मधी धुवावी लागत न्हाय," ती म्हणाली. "आदी रोज धूत होतो. आता रविवारी एकदाच."

एवढ्यासाठी मोठ्या कंपन्या सल्लागार नेमतात आणि वर सत्कार करतात.

*

शोधनिबंधात पद्माचं नाव घालणार, असं मी मालकांना सांगितलं.

"ती कॅलिंडर लटकवती, बास. धंद्यात नाव मालकाचंच असतंय की."

मला राग आला. "मग तुमची फर्मच वगळते," म्हटलं. खरं तर माझ्याकडे यापेक्षा चांगलं उदाहरण नव्हतं. ही सही नसती मिळाली तर वर्षभराचं काम गेलं असतं आणि सरांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. तरी शब्द मागे घेतला नाही.

पद्मानं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी अक्कलकोटला माहेरी चाललेय. लटकवायचंच हाय तर तितं लटकवीन."

*

दहाव्या दिवशी नरसय्यांचा फोन आला. "मॅडम, तो सहीचा कागद घिऊन या."

स्कूटर काढून गेले. अंगणात बांबूवर सुताच्या लडी वाळत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी. श्रीनिवास मान खाली घालून उभा होता. ऑर्डर बदामीची होती. आदल्या दिवशी त्याच टाकीत मरून काढला होता आणि टाकी धुवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

नरसय्यांनी चष्मा लावला, पद्माच्या नावाखाली बोट फिरवत ते वाचलं आणि सही केली. पेन परत देताना त्यांनी लडींकडे मान उडवली.

"आन हे गुलाबी माझं इनोव्हेशन. तेबी लिवा की."