आंब्याच्या वासाची वाफ

बावीस वर्षं मी सिगारेट ओढली. पहिली नांदेडला, एक्स-रेचा कोर्स करत असताना, होस्टेलच्या गच्चीवर. शेवटची, म्हणजे तेव्हा शेवटची वाटली ती, कुवेतमध्ये, अबू हलीफातल्या आमच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये.

कुवेतला आल्यापासून मी हवल्लीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. बायको स्टाफ नर्स आहे, दुसऱ्या दवाखान्यात. तिने लग्नानंतर एकच अट घातली होती, घरात ओढायची नाही. ती मी पाळली. सहाव्या मजल्यावरून लिफ्टने खाली यायचं, गाड्यांमध्ये उभं राहून ओढायची, वर जाऊन हात-तोंड धुवायचं. दिवसाला एक पाकीट.

त्या वर्षी एप्रिलात धूळ उठली आणि चार दिवस बसलीच नाही. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून ठेवले होते, तरी जिभेवर माती लागायची. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांकडे नेलं, वाफ दिली. मास्कच्या वरून तिचे डोळे माझ्याकडे बघत होते.

"घरात कुणी ओढतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात नाही," बायको म्हणाली. "हे खाली जाऊन ओढतात."

"कपड्यांवर येतंच की ते," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं लिहायला लागले.

परत येताना बायको गाडीत मागच्या सीटवर मुलीला धरून बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सिगारेट बंद केली. एकदम. तीन दिवस टिकलो. तिसऱ्या दिवशी जहराहून आलेले एक म्हातारे बदू, वाळवंटातले अरब, माझ्यासमोर उभे होते, छातीचा फोटो काढायचा होता. "खुद नफस," मी सांगत होतो. श्वास घ्या, धरून ठेवा. त्यांना धरता येत नव्हता. दोनदा फोटो वाया गेला. तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. एका आजारी म्हाताऱ्यावर, श्वास धरता येत नाही म्हणून. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझीच माफी मागितली. ड्यूटी संपल्यावर मी सरळ बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, जाऊन पाकीट घेतलं.

मग एका सहकाऱ्याने व्हेपचं सुचवलं. त्याने तसंच सोडलं होतं म्हणे. हवल्लीतल्याच एका दुकानात गेलो. काउंटरवर हैदराबादचा माणूस होता. त्याची हिंदी ऐकून नांदेडात आल्यासारखं वाटलं.

"साब, पूरा पाकिट पीते ना रोज?" त्याने विचारलं. "फिर पचास का लेव. सॉल्ट है ये. गले को कुछ नै होता, सीधा काम करता."

मी विचारलं, सॉल्ट म्हणजे काय. त्याने त्याच्या परीने समजावलं. साधं निकोटिन जोरात घेतलं की घशाला लागतं, ठसका येतो, म्हणून माणूस कमीच घेतो. सॉल्टमध्ये तेच निकोटिन मऊ करून दिलेलं असतं. कितीही कडक असलं तरी घशातून गुळगुळीत उतरतं आणि सिगारेटसारखं लगेच डोक्यात पोचतं. निकोटिनचं प्रमाण पचास मिलिग्रॅमवरून हळूहळू पैंतीस, मग बीस, मग खलास, तो म्हणाला. मला ते पटलं. औषधाचा डोस असाच उतरवतात. त्याने मँगोचा फ्लेवर दिला. बोटाएवढं यंत्र, खिशात पेनासारखं बसणारं.

आणि सिगारेट सुटली. आठवड्याच्या आत. हे मी नाकारत नाही. सकाळी उठल्यावरचा खोकला गेला, जिन्याने चढताना दम लागेना. बायकोने शर्ट धुवायला टाकताना नाकाला लावून पाहिला आणि हसली. त्या शुक्रवारी तिने पुरणपोळ्या केल्या. गावी आण्णांना, माझ्या वडिलांना, फोन लावून स्वतःच सांगितलं. आण्णा म्हणाले, "बारक्यानं सोडली? बघू की." दादाने, माझ्या थोरल्या भावाने, ते सगळ्या भावकीत सांगितलं.

"बाबा, यू स्मेल लाइक मँगो आइसक्रीम," मुलगी म्हणायची आणि गळ्यात पडायची. आधी ती इतकी जवळ येत नसे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ते चार-पाच महिने चांगले होते. त्यातच ते सुरू झालं.

सिगारेटला उठावं लागायचं. बूट घालायचे, लिफ्टची वाट बघायची, उन्हात उभं राहायचं. ती संपायची आणि माणूस परत यायचा. व्हेप संपत नाही. त्याचा धुराचा वास राहत नाही, राख नाही, थोटूक नाही. मी बाथरूममध्ये ओढायला लागलो. मग गाडीत, तीस नंबरच्या हायवेवर, सिग्नलला थांबलेलो नसतानाही. मग कामावर, शिशाच्या काचेमागे, जिथून आम्ही बटण दाबतो. आत पेशंट श्वास धरून उभा, आणि इकडे मी वाकून एक झुरका घेऊन बटण दाबायचो. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जायचा. पूर्वी जेवताना, आंघोळ करताना, मुलीला शाळेत सोडताना तरी मी सिगारेटपासून सुटलेला असायचो. आता दिवसात असा तुकडाच उरला नव्हता.

उतरवायचा प्रयत्न केला. पस्तीसवर आलो तर दुप्पट ओढायला लागलो. वीसवर आलो तेव्हा डोकं दुखायला लागलं, आणि एका दुपारी पार्किंगमध्ये मी दुसऱ्याकडून एक सिगारेट मागून घेतली. फक्त एक. त्या एकीने जे समाधान दिलं ते आठवून आजही लाज वाटते. मग पुन्हा पचास, आणि वर दिवसाला तीन-चार सिगारेटी. सोडायला निघालो होतो एक गोष्ट, आणि आता दोन झाल्या होत्या.

सिगारेटींचं घरी कुणाला माहीत नव्हतं. मग मुलीने पाहिलं. ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेली होती आणि तिच्याबरोबर बकाल्यात चालली होती. मी दोन गाड्यांच्या मध्ये उभा होतो, हातात पेटलेली सिगारेट. ती थांबली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली आणि मैत्रिणीला घेऊन दुसऱ्या बाजूने गेली.

तिने आईला सांगितलं नाही. मी तिला सांगू नको म्हणून म्हटलंही नव्हतं. जेवताना बायको म्हणाली, "बघ, बाबांनी कसं ठरवलं आणि करून दाखवलं," तेव्हा पोरगी ताटात बघत भात कालवत राहिली. दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मी माझं खोटं बांधलं होतं. ती माझ्या गळ्यात पडायची थांबली. आंब्याचा वास तोच होता.

नंतर दादाचा फोन आला. आण्णांना न्यूमोनिया झाला होता, नांदेडला ॲडमिट केलं होतं. "आहे त्या कपड्यावर ये," दादा म्हणाला.

भारतात व्हेपवर बंदी आहे. विकत मिळत नाही, आणायचं म्हटलं तरी धास्ती. विमानतळावर जायला निघताना मी ते यंत्र खिशातून काढलं आणि बायकोच्या हातात दिलं.

"हे टाकून दे."

"म्हणजे? अहो, खरंच?"

"तिथे मिळत नाही. चार-आठ दिवस राहीन. तेवढ्यात सुटेल."

तिने माझ्यासमोरच ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि माझा हात धरला. आण्णांच्या काळजीत असूनही तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. पण मी मनापासून बोललो होतो. मला खरंच वाटलं होतं की आता सुटेल.

हैदराबादला उतरून गाडीने नांदेडला पोचलो तेव्हा माझे हात थरथरत होते. लोकांना वाटलं, बापाच्या काळजीने. आण्णा नळ्या लावून पडले होते, मधूनमधून डोळे उघडायचे पण ओळखत नव्हते. छातीचे फोटो मीच बघितले. ते कसं वाचायचं हे मी बावीस वर्षांत शिकलो होतो. फोटो वाईट होते, ते मी दादाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं. नर्सवर खेकसलो, दादाशी चहावरून भांडलो. संध्याकाळी दवाखान्याबाहेर पडलो आणि टपरीवर पाकीट घेतलं. मी सोडलीय हे अख्ख्या भावकीला माहीत होतं, म्हणून दवाखान्याजवळच्या टपरीवर थांबायची सोय नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे जायचो. ओढून झाल्यावर बडीशेप चघळत, वास उडावा म्हणून हिंडत राहायचो.

चौथ्या दुपारी दादा औषधं आणायला गेला होता. आण्णांजवळ वहिनी आणि मी. आण्णा झोपलेले होते. "चहा पिऊन येतो," मी वहिनीला म्हटलं. माझा फोन आण्णांच्याच उशाशी चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला. मी एकापाठोपाठ तीन ओढल्या. मग हिंडलो. पाऊण तास झाला असेल.

परत आलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या.

"भावजी, कुठं गेल्ता तुम्ही?"

"का? काय झालं?"

"आण्णा जागे झाल्ते. चांगले बोलले. बारक्या आला का म्हणाले. आलाय म्हणलं, आता येईल. तुमचा फोन लावला तर हितंच वाजला."

मी आत धावलो. आण्णांचे डोळे मिटलेले.

"आण्णा, मी आलोय. आण्णा."

काही नाही. मी त्यांचा हात धरून बसलो. वहिनी मागे उभ्या होत्या.

"काय म्हणाले अजून?"

"काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी म्हणलं, मला सांगा, मी सांगते. तर नाही म्हणाले. दाराकडं बघत राहिले लई वेळ. मग झोप लागली."

तेवढ्यात दादा औषधांची पिशवी घेऊन आला. वहिनींनी त्याला सांगितलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला.  मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "तू सोडल्ती ना रे?"

मी आण्णांची चादर सरळ केली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मी त्यानंतर खोलीच्या बाहेर गेलो नाही. दोन दिवस तिथेच बसलो, घामाघूम. म्हणजे बसता येत होतं. त्या पाऊण तासात जे जमलं नाही ते नंतर जमलं, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. आण्णा पुन्हा जागे झाले नाहीत.

त्यांना काय सांगायचं असेल, याचा मी खूप विचार केला आहे. शेतातल्या विहिरीचं असेल. दादाला सांभाळ म्हणायचं असेल. कदाचित नुसतं "कव्हा आलास" एवढंच विचारायचं असेल. काहीही असू शकतं, आणि म्हणून ते संपत नाही.

कुवेतला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी हवल्लीतल्या त्या दुकानात गेलो. घरी आलो तेव्हा बायकोला आंब्याचा वास आला. ती उठली, हॉलची खिडकी उघडली आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला बसली. भांडली नाही. मीच तिला सगळं सांगितलं, सिगारेटींचं, टपरीचं, आण्णांचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटलं होतं, तिकडे तरी..." आणि थांबली.

तिच्या सांगण्यावरून मी सिगारेट सोडवणाऱ्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरबाई समंजस होत्या. त्यांनी विचारलं, दिवसाला किती. सिगारेटी सांगता आल्या, चार. व्हेप किती वेळा, ते सांगता येईना. "अंदाजे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, जागा असेन तितका वेळ. त्यांनी दंडाला लावायचे पॅचेस दिले. मी पॅच लावून वर व्हेप ओढत होतो. दुसऱ्या खेपेला खोटं सांगितलं, कमी झालंय म्हणून. त्यांना आनंद झाला. तिसऱ्या खेपेला गेलो नाही.

ज्यांची व्हेपने सुटली असे लोक आहेत. तो सहकारी आहे, समोर दिसतो रोज. मी व्हेपला दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. मला एवढंच कळतं की सिगारेटच्या निमित्ताने मला दिवसातून वीसदा घराबाहेर जावं लागायचं, आणि वीसदा परतही यावं लागायचं. आता मी घरातच असतो आणि कुणाजवळ नसतो.

पुढच्या महिन्यात आण्णांचं वर्षश्राद्ध आहे. दादाचा फोन आला होता, चार दिवस तरी ये म्हणाला. रजा मिळत नाही, मी सांगितलं. रजा शिल्लक आहे. चाळीसच्या वर दिवस शिल्लक आहेत. दवाखान्याची ती खोली नसली तरी गावी, दादासमोर, खिशात काही नसताना उभं राहणं मला जमणार नाही, आणि खिशात काही घेऊन उभं राहणं तर त्याहून जमणार नाही.

बायकोने हे सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मग मी जाऊन येते पोरीला घेऊन. घरातलं कुणीतरी गेलं पाहिजे."

मी दोघींची तिकिटं काढली.