मावशीची जात्यावरची ओवी

तिसरीत शाळा सुटली आणि मी घाटावरून पोलादपूरला सडकेच्या कामावर आलो. महारवाड्यातल्या एका विधवा मावशीनं मला घरात घेतलं, भाकर दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. महाडच्या तळ्याचं पाणी पिऊन आल्यापासून ती दळताना स्वतः जुळवलेली ओवी म्हणायची :

“तळ्याचं पानी प्याले ओंजळ भरूनी,
जोहार घालू कशाला मान वाकवूनी.”

दारावरून खोताची माणसं जात. त्यांनी ऐकलं तर खोत तिला कसायला दिलेली जमीन काढून घेईल, या धास्तीनं मी म्हणालो, “मावशी, हळू म्हण की.”

“हळू म्हनायला ती काय अंगाई हाय रे? भ्या वाटतंय तर दळ तू, मी नुसती गाते.”

मी खुंटा धरला. ती आणखी मोठ्यानं गायली. शेजारच्या घरातलं जातं थांबलं, आणि तिथून तीच ओवी आली.