डोल्माचे कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. विहारात डोळे मिटून बसले आणि हे आठवलं, की मी पटकन डोळे उघडते — असली मी धीट.

हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी सिस्टर आहे. म्हणजे सगळे सिस्टर म्हणतात. नर्सिंग मी शिकलेलीच नाही. बारावीनंतर केसपेपर लिहायला लागले, मग इंजेक्शन, मग सलाईन. लहान गावात असं चालतं. पण खरी शिकलेली कुणी आली तर आपलं काय, ही धास्ती पोटातून जाते का कधी?

दर हिवाळ्यात आमच्याकडे तिबेटी लोक स्वेटरची दुकानं लावतात. डोल्मा त्यांतली. तिच्या दुकानात बुद्धाचा फोटो, माझ्या घरातही बुद्धाचा फोटो — ओळखीला तेवढं पुरलं. तिचा जन्म कर्नाटकातल्या त्यांच्या वसाहतीत झालेला, पण तिच्याजवळच्या सरकारी नोंदणीच्या पुस्तकात ती परदेशीच. नर्सिंग शिकलेली. आईचे गुडघे गेलेले, तरी म्हातारी गावोगाव तंबूत बसायची.

"दया नको दीदी, ड्युटी पाहिजे," ती म्हणाली होती. "स्वेटर चार महिने चालतात. आईला बारा महिने एका जागी ठेवायचंय."

मी तिचे कागद डॉक्टरांना दाखवले. इथपर्यंत मी चांगली होते, हे लिहून ठेवते — पुढे लिहायला काही नाही. डॉक्टर खूश झाले. "सोमवारपासून येऊ द्या तिला. तुमीबी तिच्या हाताखाली शिकून घ्या."

हाताखाली! वीस वर्षं खपले आणि आता हाताखाली? त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. की आधीच फिरलेलं होतं, आणि मला फक्त निमित्त हवं होतं?

संध्याकाळी तिच्या दुकानात गेले. म्हणाले, "डॉक्टर न्हाई म्हणाले. परदेशी माणसाचं पुस्तक चालत न्हाई." स्वतःजवळ एक कागद नसलेली बाई हे सांगत होती! माझ्या आईला लोकांनी उंबऱ्याबाहेर उभं केलं, ते ऐकतच मी वाढले. तरीही सांगितलं. आणि डॉक्टरांना सांगितलं, ती नको म्हणतेय.

डोल्मानं पुस्तक पिशवीत ठेवलं, पुन्हा स्वेटरच्या घड्या घालायला लागली.

दुकानं उठायच्या दिवशी ती माझ्या घरी आली. त्यांच्यात मान द्यायचा तर गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घालतात. तो तिनं मला घातला. मी तिच्यासाठी शब्द टाकला म्हणून. आणि मी — मी मान खाली वाकवली, तिला नीट घालता यावा म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात डोल्माची आई एकटीच आली. डोल्मा कुठं, मी विचारलं. इतकी वर्षं येऊन म्हातारी आपल्यासारखंच बोलायला लागलीय.

"दुसऱ्या गावात स्वेटर विकून राहिली. नोकरीला आता कुठंच विचारत न्हाई. पुस्तक पाहिलं की लोक न्हाईच म्हणणार, म्हणते. दीदीनं तेवढं खरं सांगितलं, म्हणते."

तिथं मला बोलता आलं असतं. दुकानात आम्ही दोघीच होतो. मी तिला गुडघ्याला कोणतं मलम लावायचं ते सांगितलं आणि ड्युटीवर गेले.