तीर्थाची बाटली

आर्थिक सुधारणांचे दिवस होते. मावशीच्या गावची कोळशाची उघडी खाण बंद पडून तिच्यात पाणी साचलं होतं आणि एका ठेकेदाराने तिथे बारमाही बोटिंग सुरू केलं होतं. उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवरून बस धरून सगळ्यांना मीच तिकडे ओढत नेलं. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, जन्मभर त्या खाणीत राबलेले. ते काही बोटीत बसेनात. मी चिडलो. एवढ्या लांब यायचं आणि ह्यांनी तोंड वाकडं करून काठावर बसायचं?

आम्ही पडलो उज्जैनचे, पाणी दिसलं की हात जोडणारे. आईने बोटीतून नाणं टाकलं, पाणी डोळ्यांना लावलं आणि घरी न्यायला तीर्थ म्हणून बाटली भरली.

काठावर येताच काकांनी ती बाटली मागून घेतली.

"ताई, दरड कोसळली तेव्हा माझ्या पाळीतले चौघे खाली राहिले. त्यांना न काढताच वरच्या साहेबांनी पाणी उपसायचे पंप बंद केले."

मग वाकून त्यांनी ते पाणी सावकाश परत सोडलं, आम्ही क्षिप्रेत अस्थी सोडतो तसं.