निळ्या जॅकेटचं पायपुसणं

ताईंविषयी लिहायला मी योग्य माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. त्या माझ्या बायकोची थोरली बहीण. माझं लग्न झाल्यापासून दर रविवारी दुपारी त्या आमच्याकडे येत. पण त्या चहा बिनसाखरेचा घेत, हे मला त्या वारल्यानंतर त्यांच्या शेजारणीकडून कळलं. चहा बायको करायची, दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसायच्या आणि मी बाहेर वर्तमानपत्र उघडून बसायचो. मधूनमधून आतून हसण्याचा आवाज यायचा. बहुधा ते माझ्यावरच असावं. एवढीच आमची ओळख.

ताईंच्या घरी हातकाम शिकायला येणाऱ्या मंडळींनी आता एक लहानसं पुस्तक काढायचं ठरवलं आहे. घरच्या घरी, फारसं सामान न लागता करता येतील अशा वस्तू त्यात आहेत: जुन्या मासिकांच्या पानांचे मणी, बटणांची फुलं, चिंध्यांची पायपुसणी. सुरुवातीला ताईंवर कोणीतरी लिहावं म्हणून ती मंडळी माझ्याकडे आली. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आम्हाला तरी पायपुसणं कुठे येत होतं?" म्हणून लिहितो आहे.

ताईंची सगळी नोकरी पडद्यांच्या दुकानात झाली, कापड कापायच्या लांब टेबलामागे. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. बायकोला ठाऊक असावं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीने घट्टा पडला होता. गल्लीतली मुलं त्यांना कात्रीमावशी म्हणत, थोडंसं त्या घट्ट्यामुळे आणि बरंचसं त्यांच्या जिभेमुळे.

त्यांचं पायपुसणं म्हणजे अगदी साधी गोष्ट. जुन्या चादरी, शर्ट, पडदे घ्यायचे आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. सुती कापड असेल तर कडेला एक काप देऊन फाडायचं, ते आपसूक सरळ फाटतं. जाड कापड मात्र कात्रीनेच कापायचं. तीन पट्ट्यांची टोकं एकत्र शिवून खुर्चीच्या पाठीला बांधायची आणि वेणी घालत जायचं. पट्टी संपत आली की पुढची जोडायची. मग ती लांबलचक वेणी टेबलावर सपाट ठेवून, मधून बाहेर गोल गोल फिरवत जाड दोऱ्याने शिवायची. टेबलावरच, मांडीवर नाही. मांडीवर घेतलं की दोरा ओढला जातो आणि पायपुसणं मधून खोल होतं. निवृत्त झाल्यावर मीही एक केलं होतं, मांडीवर. ताईंनी ते उचलून चारी बाजूंनी पाहिलं.

"छान झालंय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कांदे ठेवायला घ्या."

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आणि खरंच, त्यात आमच्याकडे कांदेच असायचे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगतो. आमच्या दाराआड एक स्टूल आहे. घरातला जो कपडा वापरातून गेला, तो बायको धुऊन, घडी करून त्या स्टुलावर ठेवी. रविवारी जाताना ताई तो गठ्ठा पिशवीत भरत. हे घेऊ का, ते घेऊ का, असं कधी नाही. स्टुलावर आलं ते ताईंचं. एकदा घाईत मी माझी बरी पँट तिथे टाकून आंघोळीला गेलो. पुढे ती मला शेजाऱ्यांच्या दारात भेटली, गोल होऊन. मी कुरकुर केली तर बायको म्हणाली, "मग स्टुलावर का ठेवलीत?" चूक माझीच ठरली आणि घरातला तो कायदा आणखी पक्का झाला.

बायको गेली तेव्हा दवाखान्यातून तिचे कपडे पिशवीत घालून दिले. मी घरी आलो, दार उघडलं आणि हातातलं ओझं जवळात जवळ जे होतं त्यावर ठेवलं. तिथे तिनेच आधी काढून ठेवलेल्या दोन पांढऱ्या चादरी होत्या. लेक दूरच्या शहरातून आली, काही दिवस राहिली, परत गेली. पिशवी तिथेच. मग ताई आल्या, रविवार म्हणून. मी चहा केला, तो गोडच केला असणार. त्यांनी मुकाट्याने घेतला. जाताना त्यांनी नेहमीसारखा गठ्ठा उचलला.

काही आठवड्यांनी त्या एक मोठं पायपुसणं घेऊन आल्या. निळं, मधून पांढऱ्या पट्ट्या गेलेल्या. "सकाळी फरशी गार असते," त्या म्हणाल्या. "पलंगापाशी टाका." मी टाकलं. रोज उठल्यावर पहिला पाय त्यावरच पडायचा. उबदार होतं, पायाला बरं वाटायचं. कापडाकडे मी कधी नीट पाहिलं नाही.

मग लेकीचा फोन आला. "बाबा, आईचं निळं जॅकेट काढून ठेवा. सुट्टीत आले की नेईन."

तिला दुसरं काही नको होतं. दर खेपेला ती परत जायला निघाली की आई ते लोकरीच्या कापडाचं जॅकेट घालून तिला स्टेशनवर पोचवायला जायची. गाडी सुटली की गर्दीत आईचा चेहरा दिसेनासा व्हायचा, पण निळी बाही हलताना दिसायची, असं लेक म्हणाली. मी कपाट पालथं घातलं. जॅकेट नाही. म्हणून ताईंना फोन केला.

जॅकेट तुमच्याकडे आलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "ताई?"

"पलंगापाशी बघा," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात होत्या. आत येऊन त्यांनी पायपुसणं उचललं, टेबलावर ठेवलं आणि छोट्या कात्रीने टाके उसवायला लागल्या.

"मला ओळखू आलं होतं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पिशवीतून काढलं तेव्हाच. मला वाटलं, तुम्हाला ते डोळ्यांपुढे नको असेल, म्हणून स्टुलावर ठेवलंत. एकदा वाटलं विचारावं. पण आपल्याकडे विचारायची पद्धतच नव्हती."

"पिशवी मी ठेवली तिथे. चूक माझी."

"तुम्ही ठेवलीत. कापलं मी."

"ठेवलं नसतं तर कापलं नसतंत."

"भाऊजी, वाद घालू नका, तो दोरा धरा."

मी दोरा धरला. असे आम्ही दोघं बसलो, एक उसवतोय, एक ओढतोय. माझ्या लग्नापासून कधी आम्ही इतका वेळ समोरासमोर बसलो नव्हतो. वेणी सुटली तशा पट्ट्या कुरळ्या होऊन टेबलावर पडल्या. त्यांची एक कड पायांनी फिकी पडली होती. ते माझे पाय. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "पाय ठेवायलाच दिलं होतं तुम्हाला," आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या.

पट्ट्या त्यांनी घरी नेल्या, धुतल्या, इस्त्री केल्या आणि पुन्हा एकमेकींना जोडायला बसल्या. शिकायला येणाऱ्यांना निरोप गेला की वर्ग बंद. लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखाने. मी एकदा त्यांच्या खोलीवर गेलो तर टेबलभर निळं पसरलेलं. मला कापडातलं काही कळत नाही, तरी ते मला लहान दिसलं. मी विचारलं, मापाला होईल का. त्या म्हणाल्या, "नाही व्हायचं. एकेका जोडाला कापड जातं. इतके जोड म्हणजे अख्खी बाही गेली शिवणीत." मग शिवताय कशाला, असं मी विचारलं नाही. विचारायला नको होतं, एवढं मलाही कळलं.

लेक सुट्टीत आली. फोनवर सांगायला ताईंनी मला मनाई केली होती. पहिल्याच दुपारी त्या आल्या, जॅकेट तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. लेकीने ते उचललं. त्यात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. तिने तो हळूच बाहेर काढला, टाका तुटू नये असा.

"पिशवी स्टुलावर मी ठेवली होती," मी म्हणालो.

"तुम्ही कुठे भानावर होता, बाबा," लेक म्हणाली. मग तिने जॅकेटची घडी घातली. "ठीक आहे, मावशी."

ते 'ठीक आहे' कसं होतं, हे लिहून दाखवायची माझी ताकद नाही. ताई थोडा वेळ बसल्या आणि चहा न घेता गेल्या.

रात्री जेवताना मी लेकीला म्हटलं, "मावशी तरी कुठे भानावर होती?"

"तिला कळायला हवं होतं. ती कापडातली माणूस आहे."

"तिची बहीण गेली होती गं."

लेक ताट उचलून आत गेली. माझं तरी काय, हे वाक्य मला किती उशिरा सुचलं होतं. त्या दिवसांत घरी जो तो आला, त्याने माझी पाठ थोपटली. डबे माझ्यासाठी आले, फोन मला आले. बायको गेलेल्या माणसाला सगळं माफ असतं. बहीण गेलेल्या बाईला लोक विचारतात, भाऊजींचं जेवणखाण बघताय ना? मीही ते ऐकलं आणि होय बघतात, म्हणून सांगितलं.

परत जाताना लेकीने ते जॅकेट बॅगेत घातलं, पण मावशीला भेटायला गेली नाही. मी ताईंकडे जाऊन, पोरीचं चुकतंय, मी बोलतो तिच्याशी, असं म्हणालो. ताई मासिकाच्या पानाच्या पट्ट्या कापत होत्या, मण्यांसाठी. कापड काढलंच नव्हतं त्यांनी.

"काही बोलू नका. तिला कोणावर तरी रागवायचंय. बापावर रागावली तर सुट्टीत जाईल कुठे? मावशीवर रागावलेलं चालतं."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. मी कापलं ना."

हे सांगताना त्या मणी गुंडाळत होत्या, आणि मणी नीट गुंडाळला जात होता. मला वाटलं, या माणसाला मी ओळखतच नाही. आणि तेवढं वाटून मी घरी आलो, तेही खरं.

थंडीच्या सुरुवातीला लेकीने त्यांना फोन केला. हे मला ताईंनीच सांगितलं, ते सांगायला त्या मुद्दाम चालत आल्या. तिच्या घरची फरशी फार गार आहे, वेणीला सुरुवात कशी करायची, असं तिने विचारलं. ताईंनी सांगितलं. पट्टी किती रुंद, टोकं कशी शिवायची, टेबलावर का ठेवायचं. बराच वेळ बोलणं चाललं होतं म्हणे.

"जॅकेटचं काही बोलली?" मी विचारलं.

"नाही." मग त्या म्हणाल्या, "मांडीवर घेऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, माहितेय, बाबांचे कांदे. हसली."

त्यानंतर वर्ग पुन्हा सुरू झाला आणि रविवार पूर्वीसारखे झाले. एक गोष्ट मात्र पूर्वीसारखी झाली नाही. माझ्याकडून कापड नेताना त्या एकेक नग उजेडात धरून विचारायच्या. हा शर्ट कोणाचा, ही उशीची खोळ कधीची, नेऊ ना, नक्की ना. मी हो म्हटलं तरी त्यांच्या हाताला ते पटायचं नाही. मी वैतागायचो. एकदा तर बोलून गेलो, ताई, किती विचारता. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा कपडा उचलला.

त्यांचा शेवटचा रविवारही तसाच गेला. त्या निघाल्या होत्या, चपला घातल्या होत्या. माझ्या हातात एक विरलेला टॉवेल होता, तो मी पुढे केला.

"हा घेऊन जा."

"कोणाचा?"

"घरातलाच आहे. भोकं पडलीत त्याला."

"लेकीला विचारलंत?"

"टॉवेल आहे, ताई."

"असू दे. विचारून ठेवा. पुढच्या रविवारी नेते."