बहिणीचं डांगर

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, पण परवा जव्हारच्या बाजारात चिरलेल्या डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, गोडसर वास आला आणि राहवेना. पोशेऱ्याला आमच्या परसात धाकट्या बहिणीने आणि मी जेठात डांगराच्या बिया लावल्या होत्या. श्रावण सरला तरी माझ्या वेलावर नुसती फुलंच. तिचा वेल गोठ्याच्या छपरावर चढला आणि त्याला एक फळ धरलं. ती रोज शेणपाणी घाली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरीच्या हाताला गुण आहे." एका दुपारी मी छपरावर चढून त्या कोवळ्या फळात करवंदीचा काटा खुपसला. आठवड्यात ते सडून गळलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, असं आमच्याकडे मानतात. दाखवायचं तर मुठीने. आईने तिलाच धरलं, "बोट दावलंस ना गं?" "नाय गं आये, मूठच केली होती," ती रडत म्हणाली. कोणी ऐकलं नाही. मी शेजारीच नागलीची भाकर खात होतो. पुढच्या जेठात तिला बी दिलं नाही, आणि हळूहळू तीच म्हणू लागली, "चुकून दावलं असंल." परवा बाजारातून मी थेट तिच्या घरी गेलो. केस पांढरे झालेत तिचे. दारच्या वेलावरच्या डांगराकडे मूठ करून म्हणाली, "दादा, ते बघ, तुझ्यासाठी राखलंय. बोट नको दावूस हां, माझ्या हातून एकदा घडलंय." काटा मी टोचला होता, हे सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "चांगलं मोठं झालंय."